आवृत्ती कुठली, ते आधी सांगा

मंडळी, जुन्या ग्रंथांच्या थोरवीवर मी आज बोलणार नाही. ते थोर आहेत हे मान्य करूनच आपण इथे जमलो आहोत. मला बोलायचं आहे ते असे ग्रंथ नव्याने छापणाऱ्यासमोर येणाऱ्या अगदी पहिल्या प्रश्नाबद्दल. पुस्तक ठरलं, पण त्याची आवृत्ती कुठली?

ॲडम स्मिथचं अर्थशास्त्रावरचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' घ्या. स्मिथच्या हयातीत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या: १७७६, १७७८, १७८४, १७८६ आणि १७८९. तिसऱ्या आवृत्तीत त्याने भागभांडवली कंपन्यांच्या इतिहासाचा लांबलचक मजकूर घातला, व्यापारवादी व्यवस्थेचा समारोप करणारं आख्खं प्रकरण नव्याने लिहिलं आणि शेवटी सूची जोडली. आधीच्या दोन आवृत्त्या ज्यांनी विकत घेतल्या होत्या त्यांच्यासाठी ही भर वेगळीही छापली. म्हणजे आज कुणी हौसेने पहिली आवृत्ती जशीच्या तशी छापली आणि तसं सांगितलं नाही, तर वाचक ते प्रकरण शोधत बसतो आणि दोष स्वतःच्या डोळ्यांना देतो. १९०४ साली अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅननने या पुस्तकाचं संपादन करताना पाचवी आवृत्ती पायाभूत धरली, आणि ते योग्यच होतं. पण १७७६ च्या वाचकाच्या हातात नेमकं काय पडलं, हा ज्याचा प्रश्न आहे त्याला पहिलीच लागणार. दोन्ही छापा की! फक्त कुठली छापली ते आतल्या पानावर लिहा.

डच कायदेपंडित ग्रोशिअसचंही तेच. युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरचा त्याचा लॅटिन ग्रंथ १६२५ साली पॅरिसला निघाला. तो वारला १६४५ मध्ये. विसाव्या शतकात आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभिजात ग्रंथांची जी मोठी माला निघाली, तिच्यात १६४६ ची प्रत घेतली गेली, कारण तिच्यात लेखकाच्या अखेरच्या दुरुस्त्या होत्या. मूळ पानांची छायाप्रत आणि सोबत इंग्रजी भाषांतर, अशी त्या मालेची रीत. महागडी, पण प्रामाणिक. आणि हो, लेखकाला जाऊन पावणेचारशे वर्षं झाली म्हणून कालपरवाचं भाषांतरही स्वामित्वहक्कातून मोकळं झालं, असं समजू नका. भाषांतरकाराचा हक्क वेगळा मोजतात. त्यात अनेकजण फसतात.

कायद्याच्या पुस्तकात आणखी एक नाजूक जागा असते, ती म्हणजे पृष्ठांक. इंग्लंडच्या कायद्यावरची ब्लॅकस्टनची 'कॉमेंटरीज' चार खंडांत १७६५ ते १७६९ दरम्यान निघाली. वकील आणि न्यायाधीश तिचा हवाला पानाच्या आकड्याने देऊ लागले. पुढे आकार बदलला, टाइप बदलला, टिपा वाढल्या आणि पानं सरकली. मग संपादकांनी युक्ती काढली: जुनं पान जिथे सुरू होत होतं, तिथे मजकुरात एक तारा टाकायचा आणि जुना आकडा द्यायचा. आजही ब्लॅकस्टनचा हवाला देताना आकड्याआधी तारा दिसतो तो यामुळेच. नव्याने जुळणी करणारे पुष्कळदा हे तारे 'कचरा' समजून झाडून टाकतात. पुस्तक देखणं होतं, पण निकालपत्रातल्या हवाल्यावरून त्यातलं पान काढता येत नाही.

यंत्राने अक्षरं ओळखून घेण्याची गंमत तुम्हाला ठाऊक असेल. अठराव्या शतकातल्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब 'एस' असायचा, दिसायला जवळजवळ 'एफ'. यंत्र तो एफ म्हणूनच वाचतं. त्यामुळे कायद्याच्या ग्रंथात 'केस'चा 'कॅफे' होतो. त्यावर हसता तरी येतं. 'सेम'चा 'फेम' झाला की हसू येत नाही, कारण शब्द खरा आहे, शुद्धलेखन तपासणारं यंत्र गप्प बसतं आणि वाक्य मात्र बिघडतं. जकातीच्या कोष्टकात तीनाचा आठ झाला तर तो पकडायला मूळ प्रत शेजारी ठेवून एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं, याला पर्याय नाही.

करारांबद्दल एवढंच सांगतो की भाषा गाळू नका. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहात फ्रेंच आणि इंग्रजी हे दोन्ही मसुदे अधिकृत आहेत, तसं त्यातच म्हटलं आहे. नुसती इंग्रजी बाजू छापली तर तो अर्धाच दस्तऐवज झाला.

जाता जाता एक वस्तू दाखवतो. मागणीनुसार छापून देणाऱ्या एका प्रकाशनाकडून मी करारांचा एक जुना संग्रह मागवला होता. मला त्यातला सीमेचा नकाशा हवा होता. मूळ पुस्तकात तो घडी घालून चिकटवलेला असणार. छायाचित्र घेणाऱ्याने घडी उलगडलीच नाही. त्यामुळे या पानावर तुम्हाला दिसेल ती कागदाची कोरी पाठ, पलीकडून पुसट उमटलेली नदीची रेघ आणि कोपऱ्यात ग्रंथालयाचा शिक्का. शिक्का मात्र सुरेख आला आहे.

प्रत पहिल्या रांगेपासून फिरवतो. मागे पोहोचेपर्यंत प्रश्न घेऊ.