हाडामांसाचा ख्रिस्त

नमस्कार मंडळी.

अमेरिकेतल्या युटात राहायचं म्हणजे कधी ना कधी दारावरची बेल वाजणारच. पांढऱ्या शर्टातली दोन तरुण पोरं, मॉर्मन या पंथाचे प्रचारक, छातीवर काळी पट्टी, आणि पट्टीवरच्या चर्चच्या नावात 'येशू ख्रिस्त' हे दोन शब्द बाकीच्यांपेक्षा मोठे. तरीही दुसऱ्या पंथाचा शेजारी ठासून सांगतो, "मॉर्मन ख्रिस्ती नाहीतच." 2001 मध्ये व्हॅटिकननेही मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नाही असा निर्णय दिला. नाव तेच, मग भांडण कशावरून? माझ्या मते मुख्यतः देहावरून.

बहुतेक चर्चपंथ इ.स. 325 च्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या निकिया परिषदेची परंपरा मानतात: पिता, पुत्र, पवित्र आत्मा तीन, पण तत्त्व एकच, देव एकच. मॉर्मनांच्या लेखी हे तिघे स्वतंत्र आहेत, एक आहेत ते मताने आणि हेतूने. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना 1820 मध्ये न्यूयॉर्क राज्यात, पाल्मायराजवळच्या झाडीत पिता आणि पुत्र असे दोघे दिसले, ही मॉर्मनांची मूळ श्रद्धा. पित्याला हाडामांसाचा देह, पुत्रालाही. पवित्र आत्मा तेवढा देहाविना. म्हणूनच प्रार्थना पित्याला, पण येशूच्या नावाने.

हे ऐकून आपण लगेच "म्हणजे अवतारच की!" म्हणून मोकळे होतो. तिथेच गफलत होते. कृष्ण निजधामाला गेला की अवतारकार्य संपलं. मॉर्मनांचा ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला तो देहासकट, आणि तो देह त्याने आजतागायत टाकलेला नाही. शिवाय तो पित्याचं रूप नव्हे. तो पित्याचा थोरला आत्मिक पुत्र, आपण सगळी त्याची धाकटी भावंडं. बायबलच्या जुन्या करारातला देव यहोवा म्हणजे जन्मापूर्वीचा येशू, असंही ते मानतात. सैतानसुद्धा त्याच पित्याचं बंडखोर लेकरू. यातलं अर्धंच वाक्य उचलून "हे तर येशूला सैतानाचा भाऊ म्हणतात" अशी हाकाटी होते.

1830 मध्ये छापलेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या त्यांच्या धर्मग्रंथाचा कळसही देहापाशीच आहे. पुनरुत्थित येशू अमेरिका खंडात उतरतो आणि जमलेले सुमारे 2500 लोक एकेक करून पुढे येतात, त्याच्या कुशीतली जखम आणि हातापायांवरचे खिळ्यांचे वण चाचपून बघतात. चर्चबाहेरचे इतिहासकार हा इतिहास मानत नाहीत, ते वेगळं.

माणसांच्या पापांसाठी येशूने केलेल्या प्रायश्चित्ताची सुरुवात मॉर्मन गेथशेमानेच्या बागेत धरतात, जिथे क्रुसावर जाण्याआधी त्याने प्रार्थना केली. रोमारोमांतून रक्त यावं इतकी वेदना त्याने तिथे सोसली. पापांचीच नव्हे, माणसाच्या दुखण्याखुपण्यांचीही. शेवट क्रुसावर. तरी त्यांच्या चर्चवर क्रूस दिसत नाही, कारण भर जिवंत ख्रिस्तावर. 2020 पासूनच्या बोधचिन्हात कोपनहेगनमधल्या, शिल्पकार थोरवाल्डसेनच्या ख्रिस्तमूर्तीची आकृती आहे, हात पसरलेली. येशूमुळे देहासह पुन्हा उठणार सगळेच, मानणारे आणि न मानणारेही. सर्वोच्च स्वर्गासाठी मात्र श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा आणि आज्ञापालन हवं. कृपेला कर्माची जोड आली, म्हणून तारण केवळ कृपेने असं मानणारे प्रोटेस्टंट नाराज.

बाप्तिस्मा आठव्या वर्षापासून, अख्खं अंग पाण्याखाली. दोन साक्षीदार लक्ष ठेवून असतात. पायाचा अंगठा, केसांची बट, पांढऱ्या कपड्याचं टोक, काहीही वर राहिलं की पुन्हा बुडी. गुडघे ताठ ठेवले तर मागे झुकताना पाय हमखास वर येतात, म्हणून ते आधीच वाकवायला सांगतात.

रविवारच्या सभेत भाकर आणि पाणी वाटतात. वाइन नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलं भाकरीचे तुकडे करून ठरलेली प्रार्थना शब्दशः वाचतात. एखादा शब्द चुकला की बिशप, म्हणजे त्या मंडळीचे प्रमुख, खुणावतात आणि मुलगा पहिल्यापासून सुरू करतो. ऐकणाऱ्यांना त्यात वावगं वाटत नाही.

शेजाऱ्याने कधी सभेला बोलावलं तर एवढं ध्यानात ठेवा. आधी भाकरीचं तबक येईल, मग इवल्या पेल्यांतल्या पाण्याचं. घ्यायचं नसेल तर तबक हातात घेऊन तसंच पुढच्याकडे द्या. कोणी कारण विचारत नाही.