अण्णा पहिल्या पाळीला निघाले होते
(दादरमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेलं व्याख्यान, संपादित)

‘भटकणं’ हा शब्द मला आज तुमच्यासमोर खोडायचा आहे. पत्रिकेवर ‘डिमेन्शिया आणि बाहेर फिरताना मदतीची साधनं’ असं छापलंय. डिमेन्शिया म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी करत नेणारा आजार. साधनांकडे येतेच, पण आधी हे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं, ‘भटकण्याची सवय’, आणि वर सांगितलं, दाराला बाहेरून कडी घाला. दोन महिने घातली आम्ही. अण्णा आतून दार ठोठवायचे, ‘अगं उघड, भोंगा झाला!’

लालबाग-परळची माणसं किती आहेत इथे? करा हात वर. मग मिलची पाळी पुकारणारा भोंगा समजावायला नको. अण्णा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, पहिली पाळी; वर मुकादम म्हणून जॉबर. 1982च्या संपानंतर त्यांची मिल पुन्हा उघडलीच नाही, तिथे आता टॉवर आहे. पण रोज पहाटे अंगात शर्ट, पायात चपला, हातात डब्याची पिशवी. डबा रिकामा असला तरी चालेल, पिशवी हवीच. एक दिवस कडी घालायची राहिली. आम्ही शिवाजी पार्क धुंडाळलं, चौपाटी पालथी घातली, स्टेशनचे फलाट बघितले. अण्णा कुठे? टॉवरच्या गेटवर, वॉचमनच्या खुर्चीत, हातात त्याने दिलेला चहा. नायगावच्या घरापासून तिथवर एक वळण चुकले नव्हते. त्याला विचारत होते, ‘खातं अजून उघडलं कसं नाही?’ हा माणूस भटकत होता का, सांगा मला.

मेंदूत जागेचं भान ठेवणाऱ्या पेशी शोधणाऱ्यांना 2014 साली नोबेल मिळालं. त्यातल्या काही पेशी जिथे असतात, त्याच भागाला अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सर्वांत नेहमीचा प्रकार, अगदी सुरुवातीला गाठतो. म्हणून नवी वाट लक्षात राहत नाही. पायांत मुरलेली जुनी वाट मात्र पुष्कळदा टिकते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा साधनं भराभर सांगते. ब्लूटूथचा टॅग, म्हणजे जवळ ठेवायचं छोटं शोधयंत्र, आसपासच्या लोकांच्या फोनवर विसंबतो, गर्दीत चालतो, निर्जन जागी नाही. सिमकार्डवालं जीपीएस यंत्र स्वतःच जागा कळवतं, पण उंच इमारतींत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि फोनच्या नकाशावरचा ठिपका पलीकडच्या गल्लीत दिसतो. ठिपक्यापाशी पोचलात की हाकही मारा. चार्जिंग रोज रात्री. आणि यंत्र रस्ता ओलांडून देत नाही. आम्ही भावंडं आळीपाळीने वीस पावलं मागे चालतो, नजर चुकली तर यंत्र. कॉलरच्या आत फोन नंबर शिवा. माणूस हरवला तर लगेच 112. ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567, लिहून घ्या.

गळ्यातलं यंत्र अण्णांनी काढून टाकलं, ‘मी काय माळकरी आहे?’ मनगटावरचंही नको, तिथे त्यांचं जुनं घड्याळ. शेवटी डब्याच्या पिशवीत शिवलं. हद्द ओलांडली की फोन वाजतो, त्या हद्दीच्या वर्तुळाचा मध्य घरावर ठेवला नाही, घर आणि मिल यांच्या मधोमध ठेवला, म्हणजे त्यांची सगळी वाट आत आली. वॉचमनचा नंबर माझ्याकडे, माझा त्याच्याकडे.

शिवण्याआधी अण्णांना विचारलं होतं. म्हटलं, यातून मला कळेल तुम्ही कुठवर पोचलात. जरा विचार करून म्हणाले, ‘बरं होईल. उशीर झाला तर जॉबरला सांग, वाटेत आहे म्हणून.’