रिकामी बस, उघडं दार

पिवळी बस रुळांच्या अलीकडे थांबते. आत एकही मूल नाही. चालक पंखा बंद करतो, शेजारची काच सरकवतो, पुढचं दार उघडतो आणि कान देऊन ऐकतो. काही येत नाही. दार लावून तो रूळ ओलांडतो.

समजा, या माणसाने पंधरा वर्षं पेनसिल्व्हेनियात अठरा चाकी ट्रक चालवलाय. रूळ त्याला नवे नाहीत, दार उघडणं नवं आहे. या रिवाजामागे 1938 चा डिसेंबर आहे. युटा राज्यात, हिमवादळात, रुळांवर चढलेल्या स्कूल बसला मालगाडीने उडवलं. 26 जण गेले. त्यानंतर थांबायचं, दार उघडायचं, ऐकायचं हे अमेरिकेतल्या स्कूल बसच्या अंगवळणी पडलं.

आता तो न्यूयॉर्क राज्यात राहायला आलाय. 30 दिवसांत जुनं लायसन्स जमा करून इथलं काढायचं. एका चालकाला एकच कमर्शियल लायसन्स, तेही राहत्या राज्याचं. त्याला ही कटकट वाटते, आणि आहेच. पण 1986 चा केंद्रीय कायदा येण्याआधी काही चालक तीन-तीन राज्यांची लायसन्सं खिशात घेऊन फिरायचे. दंड झाला की एक पुढे करायचं, रद्द झालं की दुसरं. आता राज्यांच्या नोंदी एकमेकांना जोडलेल्या आहेत. अमली पदार्थांच्या चाचणीत सापडलेल्यांची देशभराची नोंदही 2020 पासून ठेवली जाते.

लायसन्स बदललं तरी त्यावर मुलं बसवता येत नाहीत. त्यासाठी आणखी दोन अक्षरं लागतात: प्रवाशांसाठी ‘पी’ आणि स्कूल बससाठी ‘एस’. दोन्हींची लेखी परीक्षा, आणि चालवून दाखवायचं ते खऱ्या स्कूल बसमध्येच. पिवळे दिवे कधी लावायचे, लाल कधी, थांब्याची पाटी कधी बाहेर काढायची, बसच्या नाकासमोर वाकलेलं पोर कुठल्या आरशात दिसतं. ट्रकवाल्याला ब्रेक आणि वळण शिकवावं लागत नाही. पण ट्रकमधला माल मागून भांडत नाही, आणि उतरल्यावर राहिलेली वही उचलायला परत चाकाजवळ येत नाही.

न्यूयॉर्कची शारीरिक चाचणी तर बघण्यासारखी आहे. 30 सेकंदांत बसच्या पायऱ्या तीनदा चढायच्या-उतरायच्या. 20 सेकंदांत मागच्या संकटकालीन दारातून बाहेर पडायचं. आणि 125 पौंडांचं, म्हणजे जवळजवळ 57 किलोंचं ओझं 30 सेकंदांत 30 फूट ओढत न्यायचं. ओझं म्हणजे काय, हे तिथे कुणी उलगडून सांगत नाही. सांगावं लागतही नाही.

चालक मिळेनासे झाले की हे सगळं जड वाटू लागतं. 2021 च्या सप्टेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर चार्ली बेकर यांनी मुलांना शाळेत सोडायच्या व्हॅन चालवायला नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यदलाचे, 250 पर्यंत जवान उपलब्ध केले. 2022 च्या जानेवारीत केंद्राने राज्यांना मुभा दिली की स्कूल बस चालकाची इंजिनाचे भाग ओळखण्याची परीक्षा हवी तर वगळा. ही सवलत मला पटते. भर रस्त्यात बॉनेट उघडून बस दुरुस्त करावी, अशी अपेक्षा चालकाकडून कुणी करत नाही.

माझी शंका वेगळीच आहे. 25 ऑक्टोबर 1995, इलिनॉयमधलं फॉक्स रिव्हर ग्रोव्ह. सकाळची वेळ, बदली चालक. लायसन्सात खोट नव्हती, बाई वाहतुकीच्या कामात मुरलेल्या होत्या. फक्त तो मार्ग त्यांचा रोजचा नव्हता. रूळ ओलांडून त्या पुढच्या लाल सिग्नलला थांबल्या. बस पार झाली असंच त्यांना वाटलं, पण तिचा मागचा साधारण 3 फूट भाग आगगाडीच्या वाटेत राहिला होता. सिग्नल हिरवा व्हायला उशीर झाला. सात विद्यार्थी गेले. सिग्नल आणि रेल्वेफाटक यांचा मेळ नीट बसवलेला नव्हता, हे चौकशीत पुढे आलं. पण रूळ आणि थांबारेषा यांच्यात बस मावत नाही, हे त्या वाटेने रोज जाणाऱ्याला एव्हाना कळलेलं असतं. पेनसिल्व्हेनियाचं असो की न्यूयॉर्कचं, कुठलंच लायसन्स ते सांगत नाही.

म्हणून आपला ट्रकवाला मुलांच्या आधी मार्गावर आलाय. रूळ पार झालेत. पुढे सिग्नल लाल आहे. तो थांबतो, मागच्या आरशात बघतो, खाली उतरून बसच्या शेपटीपाशी जातो. तिथून रुळांपर्यंत पावलं मोजतो. मग खिशातला कागद काढून त्यावर काहीतरी लिहितो.