कोंबड्या, मिलिटरीचा भात आणि बी-वन

मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलं की व्हिटॅमिन बी-वन, बी-ट्वेल्व्ह सगळं एकच ना? नाही हो काका. बी-वन म्हणजे थायमिन, आणि त्याची गोष्ट कोंबड्यांची आहे.

1889 सालचं बटाव्हिया, आत्ताचं जकार्ता. आइकमान नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचा, म्हणजे नसा नि हार्ट कमजोर करणाऱ्या आजाराचा, जंतू शोधत बसलेला, आणि लॅबच्या कोंबड्या अचानक लटपटायला लागल्या, उभं राहता येईना. काही महिन्यांनी आपोआप बऱ्यापण झाल्या! चौकशी केली तेव्हा कळलं की लॅबचा माणूस मिलिटरी हॉस्पिटलच्या किचनमधला उरलेला पांढरा भात त्यांना घालत होता, मग नवा कुक आला आणि त्याने हात वर केले, मिलिटरीचा भात सिव्हिलियन कोंबड्यांना मिळायचा नाही म्हणाला, झालं, कोंबड्या परत बिनपॉलिशच्या तांदळावर आल्या. मला तो कुक फार आवडतो. नोबेल मात्र 1929 मध्ये आइकमानला मिळालं, आणि गंमत म्हणजे त्याला वाटायचं पांढऱ्या भातात विष आहे नि कोंड्यात उतारा. विषबिष काही नाही, जेवणात काहीतरी कमी पडतंय, हे त्याच्या मागून आलेल्या ग्रेन्सने 1901 मध्ये सांगितलं.

ते काहीतरी म्हणजेच थायमिन. आता ते कमी पडून होतं काय, तर भाताचं झालं ग्लुकोज, ग्लुकोजचं झालं पायरुवेट, ते पुढे जाळायला न्यायचं तर वाटेत पायरुवेट डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम लागतं आणि ते थायमिनशिवाय हलत नाही. मग पायरुवेट तुंबतं, त्याचं लॅक्टिक अ‍ॅसिड होतं, आणि हार्ट, नसा, मेंदू, ज्यांना सतत जळण लागतं, ते आधी बोंबलतात. साठा तरी किती, अख्ख्या शरीरात 25-30 मिलिग्रॅम, दोन-तीन आठवड्यांत खलास. वर्षानुवर्षं दारू पिणारा, जेवणाचे हाल झालेला पेशंट आला की नुसतं ग्लुकोज चढवत नाहीत ते यासाठीच, उरलंसुरलं थायमिन त्यात उडालं तर वर्निके, म्हणजे थायमिनअभावी होणारा मेंदूचा आजार, होऊन मेंदूच जायचा, म्हणून थायमिनचं इंजेक्शन आधी.

आपल्या कोकणात, गोव्यात उकडा तांदूळ खातात बघा. साळ भिजवून उकडायची, वाळवायची, मग गिरणीत. उकडताना वरच्या थरातलं थायमिन दाण्यात मुरतं, नंतर पॉलिश केलं तरी बरंच राहतं. आंध्रच्या किनाऱ्यावर न उकडता पॉलिश केलेला तांदूळ खायचे, तिथे बेरीबेरी होता, उकडा खाणाऱ्यांत तो फारसा दिसायचाच नाही. शहरात आलो की उकड्याला वास येतो म्हणून नाक मुरडतो, ते सोडा.

आणि हे सगळं जुनं आहे असं समजू नका. काश्मीरमध्ये अलीकडेपर्यंत अंगावर पिणारी तान्ही बाळं आयसीयूत येत होती, धाप लागलेली, रक्तात लॅक्टिक अ‍ॅसिड वाढलेलं. घरात पांढरा तांदूळ, तो चोळून चोळून धुतलेला, वरचं पाणी ओतून दिलेलं, वर बाळंतिणीला पथ्य म्हणून हे नको ते नको, मग दुधात थायमिन येणार कुठून? थायमिनचं इंजेक्शन दिलं की त्यातली बरीच बाळं काही तासांत सुधारायची.