फिशर की कार्पोव्ह? बागेतलं रविवारचं भांडण

दर रविवारी सकाळी आठला मी आणि माझे दोन मित्र पुण्यातल्या एका बागेत बुद्धिबळाचे सहा पट मांडून बसतो. फी नाही, नावनोंदणी नाही, ज्याला खेळायचंय त्याने यायचं आणि बसायचं. सुरुवातीला फक्त दोन पेन्शनर काका यायचे आणि तेही एकमेकांशीच खेळायचे, तुमच्याशी खेळून मजा येत नाही म्हणायचे. मग २०२५ च्या जुलैमध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांचा बुद्धिबळ वर्ल्ड कप जिंकला, फायनलमध्ये कोनेरू हम्पीला हरवून, आणि पुढच्या रविवारी आमचे पट कमी पडले. आईबाप पोरांना घेऊन थेट बागेत.

आता पोरं आली तर खरी, पण टिकवायची कशी? घोडा अडीच घरं चालतो हे सांगून पोरगं दुसऱ्यांदा येत नाही, गोष्ट लागते. आणि बुद्धिबळात सगळ्यात जास्त चालणारी गोष्ट एकच आहे, बॉबी फिशर.

मी ती अशी सांगतो. अमेरिकेतला एक एकटा पोरगा, समोर अख्खा सोव्हिएत युनियन, जिथे सरकारच १९२० च्या दशकापासून कारखान्या-कारखान्यात बुद्धिबळ शिकवत होतं. १९७० च्या शेवटी पाल्मा दे मायोर्काच्या स्पर्धेत हा शेवटचे सात डाव सलग जिंकतो, मग आव्हानवीर ठरवायच्या मॅचमध्ये तायमानोव्हला ६-०, मग लार्सनला ६-०, मग पेट्रोस्यानबरोबरचा पहिला डाव. सलग वीस! (यातला एक डाव पान्नोने एका चालीनंतरच सोडून दिला होता, त्यामुळे काकांपैकी एकजण दरवेळी मध्येच ओरडतात, "एकोणीस म्हण, एकोणीस!") मग १९७२, आइसलंड, समोर सोव्हिएत वर्ल्ड चॅम्पियन स्पास्की. पहिल्या डावात फिशरचा उंट कडेचं प्यादं खायला गेला आणि तिथेच अडकून मेला. डाव गेला. दुसऱ्या डावाला साहेब आलेच नाहीत. ०-२. आणि तिथून साडेबारा विरुद्ध साडेआठ, वर्ल्ड चॅम्पियन.

पोरं तोंड उघडं ठेवून ऐकतात. दरवेळी.

एका रविवारी एका नऊ वर्षांच्या पोराने विचारलं, "मग नंतर?"

नंतर काही नाही रे बाबा. नंतर तो वीस वर्षं एकही स्पर्धा खेळला नाही. १९७५ ला सोव्हिएत कार्पोव्हशी किताबाची मॅच होती, फिशर म्हणाला दहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरी धरायची नाही, आणि ९-९ झालं तर किताब माझ्याकडेच. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, बाकीचं मान्य केलं पण ही ९-९ वाली अट नाही म्हणाले, तर हा खेळलाच नाही आणि किताब न खेळता कार्पोव्हकडे गेला.

पोरगं म्हणालं, "म्हणजे घाबरला?" आणि मग जे भांडण सुरू झालं ते आजतागायत चालू आहे, चहाचे दोन राउंड धरून.

एक काका फिशरवाले. त्यांचं म्हणणं, माणूस कुठल्या उंचीला पोचला ते बघा, किती वर्षं तिथे बसला ते काय बघता. १९७२ मध्ये फिशरचं रेटिंग (खेळाडूची ताकद मोजायचा आकडा) २७८५ आणि स्पास्कीचं २६६०, वर्ल्ड चॅम्पियनपेक्षा सव्वाशे पॉइंट पुढे, असलं अंतर कोणी पाडलंय? मुद्दा बिनतोड आहे, मला उत्तर देता येत नाही.

पण मी कार्पोव्हवाला आहे. मॅच खेळायला मिळाली नाही यात त्याची काय चूक? बिचाऱ्याला आयुष्यभर फुकटचा चॅम्पियन म्हणून ऐकावं लागलं, आणि त्याने उत्तर काय दिलं तर खेळत राहिला. दीडशेच्या वर स्पर्धा जिंकल्या. पुढे त्याच्याकडून किताब घेणाऱ्या कास्पारोव्हशी पाच वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅच, एकूण १४४ डाव, त्यात कास्पारोव्हचे विजय २१ आणि कार्पोव्हचे १९, बाकी सगळ्या बरोबऱ्या. २१-१९! कास्पारोव्हला जो सर्वश्रेष्ठ मानतो त्याने हा आकडा जरा शांतपणे बघावा. आणि १९९४ ला स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत, वय ४२, तेरापैकी अकरा गुण, एकही हार नाही, कास्पारोव्ह अडीच गुण मागे.

आपल्याकडे त्याच्यावर राग आहे त्याचं कारण मला माहितीये. आनंद. १९९७ च्या डिसेंबरमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी आनंद नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला राउंडमागून राउंड खेळून दमून फायनलला पोचला आणि कार्पोव्ह थेट फायनलला ताजातवाना बसलेला, लगेच जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या लॉझानला मॅच. ३-३ झालं आणि रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, आनंद गेला. हो, ते अन्यायकारक होतं, ते मी पण मान्य करतो.

तरी पोरांना शिकवायला मी कार्पोव्हच काढतो. त्याचा एक डाव बघा, १९७४, फ्रान्समधल्या नीसचं ऑलिम्पियाड (देशांच्या संघांची स्पर्धा), समोर जर्मनीचा उन्झिकर. डावीकडची कडेची पट्टी मोकळी आहे, दोघांचे हत्ती तिथे समोरासमोर, आता मारामारी होऊन हत्ती संपणार असं वाटतं. आणि कार्पोव्ह काय करतो, स्वतःचा उंट नेऊन त्या पट्टीतल्या ए-सात या घरावर ठेवतो, मधोमध, बूच मारल्यासारखा. शह नाही, काही खाल्लं नाही. पण आता काळ्याला हत्तीची अदलाबदल करता येत नाही, आणि पांढरा त्या उंटाच्या आड आरामात हत्तीमागे हत्ती लावतो. हवं तेव्हा बूच काढायचं, पट्टी आपली.

या चालीवर टाळ्या पडत नाहीत. फिशरच्या गोष्टीनंतर ही दाखवली तर अर्धी पोरं झोपाळ्याकडे पळतात, खोटं कशाला सांगू. गर्दी फिशरच जमवतो आणि मी दर रविवारी त्यालाच पुढे करतो, हे जरा लागतंच मनाला.

पण "मग नंतर?" वाला पोरगा पळाला नाही. ए-सात त्याच्या डोक्यात बसलं. पुढच्या रविवारी त्याने आपल्या डावात उंट जोरात नेऊन ए-सातवर आपटला, तिथलं प्यादं खाल्लं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "कार्पोव्ह!" समोरच्या मुलीने बाजूचं प्यादं एक घर पुढे सरकवलं, उंट अडकला, चार चालींनी गेला.

फिशरवाले काका खुर्चीवरून उठलेच. "कार्पोव्ह कसला, आइसलंडचा पहिला डाव आहे हा!"