मोनोकल, चिलखत आणि महिन्याची वर्गणी

[दृश्य: अंतराळातलं एक प्रचंड स्मारक. चहूबाजूंनी जहाजं त्यावर तोफा डागताहेत.]

जून २०११. ईव्ह ऑनलाइन या खेळातली सगळ्यात गजबजलेली बाजारपेठ, जिता. तिथल्या स्थानकाबाहेर जहाजांचा थवा जमलाय आणि एका स्मारकावर गोळीबार चालू आहे. स्मारक फुटणार नाही, हे गोळ्या झाडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खेळात ते फुटायची सोयच नाही. पण इतकी जहाजं एका जागी आली की सर्व्हर धापा टाकायला लागतो, आणि तेवढं कंपनीला नक्की दिसतं.

भांडण पेटलं होतं एका मोनोकलवरून. पात्राच्या एका डोळ्यावर लावायची काच, फक्त शोभेची, आणि किंमत ६० डॉलरच्या वर. खेळणारे त्याआधीच दरमहा सुमारे १५ डॉलर वर्गणी भरत होते. त्यात सीसीपी या कंपनीचं एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटलं. उद्या खेळात सरळ फायदा देणाऱ्या वस्तूही विकाव्यात का, यावर त्यात चर्चा होती. मग मात्र लोकांनी वर्गण्या बंद करायला सुरुवात केली. कंपनीने खेळाडूंनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींना तातडीने आइसलँडला बोलावलं. ऑक्टोबरमध्ये मुख्याधिकाऱ्याने जाहीर माफी मागितली आणि त्याच महिन्यात कंपनीतल्या सुमारे २० टक्के लोकांची नोकरी गेली. तोफांचा आवाज जगभर गेला. काम केलं ते रद्द झालेल्या वर्गण्यांनी.

गेमर्सच्या संतापाकडे बघताना हा फरक सारखा लक्षात ठेवावा लागतो. ओरडा मोठा असला म्हणून खप कमी असतो, असं अजिबात नाही.

[दृश्य: तबेल्यासमोर उभा घोडा, अंगावर चकचकीत चिलखत.]

एप्रिल २००६. ऑब्लिव्हियन या खेळासाठी बेथेस्डा या कंपनीने घोड्याचं चिलखत विकायला काढलं. दोन नमुने, खेळण्यात जेमतेम फरक, किंमत २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट (एक्सबॉक्स या कन्सोलवरच्या दुकानातलं आभासी चलन). म्हणजे अडीच डॉलर. यावर झालेली टिंगल आज वीस वर्षांनीही संपलेली नाही, आणि लोकांनी ते चिलखत विकतही भरपूर घेतलं. बेथेस्डाने २००९ च्या एक एप्रिलला बाकीच्या डीएलसी (मूळ खेळाला जोडायच्या, वेगळ्या विकल्या जाणाऱ्या भरी) निम्म्या किमतीत दिल्या आणि चिलखताची किंमत मात्र दुप्पट केली. विनोद म्हणून. २०२५ मध्ये याच खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा महागड्या डीलक्स आवृत्तीत नवं चिलखत हजर होतं.

त्या २०० पॉइंटकडे जरा जवळून बघू. एका डॉलरला ८० पॉइंट असा भाव. पण कन्सोलवर पॉइंट मिळायचे ५०० च्या गठ्ठ्यात, सव्वासहा डॉलरला. चिलखत घेतल्यावर ३०० पॉइंट खात्यात पडून राहायचे. ते परत रोख होत नाहीत. त्यात दुसरं काही बसवायला जावं, तर ते ४०० चं निघायचं आणि पुन्हा एक गठ्ठा घ्यावा लागायचा. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये पॉइंट बंद करून सरळ चलनात किमती लावल्या, पण तोवर ही युक्ती सगळ्यांनी उचलली होती. आजच्या अनेक फुकट खेळांत हिरे, नाणी, क्रेडिट यांचे गठ्ठे आणि वस्तूंच्या किमती एकमेकांत नीट भागल्या जात नाहीत. हा हिशेब चुकून चुकलेला नसतो. किंमत तपासायची असेल तर एकच रीत: वस्तूची किंमत बाजूला ठेवा, ती घ्यायला लागणारा सगळ्यात लहान गठ्ठा केवढ्याला पडतो ते बघा.

एप्रिल २०१० मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २५ डॉलरचा चमचमता घोडा आला. महिन्याची वर्गणी भरूनही वर २५ डॉलर, म्हणून लोक चिडले. ऑनलाइन दुकानातली रांग मात्र एक लाखाच्या पुढे गेली. घोड्यांचं आणि या धंद्याचं काय नातं आहे कोण जाणे.

शोभेच्या वस्तूंवर माणूस चिडतो आणि विसरतो. राग टिकतो तो दुसऱ्या जागी. स्ट्रीट फायटर एक्स टेकन, मार्च २०१२: विकत आणलेल्या डिस्कवरच १२ लढवय्ये कुलूपबंद सापडले, आणि कुलूप उघडायचे पैसे वेगळे. त्याच महिन्यात मास इफेक्ट ३ मध्ये, ज्याच्या वंशाभोवती अख्खी कथा फिरते ते पात्र, पहिल्याच दिवशी दहा डॉलरला वेगळं विकलं गेलं. वेळापत्रकाची एक बाजू इथे सांगायला हवी. डिस्क छापायला आणि मंजुरीला जाते तेव्हा चित्रकार, लेखक रिकामे असतात. त्या काळात डीएलसी तयार होते. हे खरं आहे. पण फाइल आधीच डिस्कवर बसलेली दिसली की हे स्पष्टीकरण ऐकायला कोणी थांबत नाही.

[दृश्य: काळा शिरस्त्राणधारी व्हेडर, स्टार वॉर्समधला खलनायक, खाली लाल कुलूप. शेजारी आकडा: ६०,०००.]

नोव्हेंबर २०१७, स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २. पूर्ण किमतीचा खेळ. व्हेडर खेळायचा तर ६०,००० क्रेडिट. खेळाडूंनी हिशेब मांडला: एका पात्रासाठी सुमारे ४० तास. शिवाय लूट बॉक्समधून, म्हणजे आत काय आहे ते उघडेपर्यंत न कळणाऱ्या पेट्यांमधून, ताकद वाढवणारी कार्डं निघायची आणि लूट बॉक्स पैशाने मिळायचे, म्हणजे खिसा मोकळा सोडणारा मैदानात भारी पडणार. रेडिटवर हा खेळ काढणाऱ्या ईए कंपनीने उत्तर दिलं की पात्र मिळवताना खेळाडूला अभिमान आणि काहीतरी साध्य केल्याचं समाधान वाटावं, असा यामागचा हेतू आहे. त्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त डाउनव्होट, म्हणजे नापसंतीची मतं, पडले आणि त्याची नोंद गिनीज बुकात गेली.

पुढची चाल अभ्यासण्यासारखी आहे. कंपनीने पात्रांच्या किमती ७५ टक्क्यांनी उतरवल्या. व्हेडर १५,००० वर आला. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी कथानक पूर्ण केल्यावर मिळणारं बक्षीस तपासलं. तेही २०,००० वरून ५,००० वर आणलेलं होतं. एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतल्यावर जो भडका उडाला, त्यात विक्रीच्या आदल्या रात्री पैशाने खरेदी करायची सोय बंदच करावी लागली. पुढच्या मार्चमध्ये पॅच (खेळातला बदल किंवा दुरुस्ती) आला आणि पेट्यांमधून ताकद गेली, शोभा तेवढी राहिली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने फिफा १८, ओव्हरवॉच आणि काउंटर-स्ट्राइकमधल्या लूट बॉक्सना बेकायदा ठरवलं. नेदरलँड्समध्ये ईएला झालेला एक कोटी युरोचा दंड मात्र तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला. एकाच पेटीबद्दल दोन शेजारी देश, दोन निकाल.

इथे खेळाडूंना यश आलं त्याचं कारण वेळ. खेळ अजून बाजारात यायचा होता, आगाऊ नोंदणी रद्द करता येत होती. तोच राग तीन महिन्यांनी आला असता, तर एखादा पॅच आणि एक गोड पत्रक यावर भागलं असतं.

[दृश्य: संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानातला रिव्ह्यूंचा आलेख, चांगल्या शेऱ्यांचे निळे खांब, मधेच वाईट शेऱ्यांच्या लाल खांबांचा खड्डा.]

विकून झालेल्या खेळावर दबाव आणायचा तर हत्यार उरतं रिव्ह्यूचं. स्टीमवर थोडा वेळ तरी खेळल्याशिवाय रिव्ह्यू लिहिता येत नाही, आणि बाहेरून आणलेल्या कीवर (खेळ उघडायच्या कोडवर) लिहिलेला रिव्ह्यू एकूण गुणांत धरला जात नाही. गेल्या ३० दिवसांचा शेरा वेगळा दिसतो, म्हणून दहा वर्षं जुना, नावाजलेला खेळही चार दिवसांत लाल होऊ शकतो. पण मुद्दा खेळाबाहेरचा आहे असं ठरलं, तर २०१९ पासून स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी त्या काळातले रिव्ह्यू गुणांतून वगळू शकते. म्हणून 'कंपनी लोभी आहे' एवढ्यावर थांबणारा रिव्ह्यू फुकट जाण्याची शक्यता जास्त. काय घेतलं, काय मिळालं, काय चालत नाही, हे लिहिलेलं टिकतं.

वर्गणीचं गणित आणखी निसरडं आहे. जानेवारी २०२१ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह गोल्डची (एक्सबॉक्सवर ऑनलाइन खेळायला लागणारी) सहा महिन्यांची वर्गणी ६० डॉलर केल्याचं जाहीर झालं. तेवढ्यात आधी वर्षभर मिळायचं. वाढ त्याच दिवशी मागे घेतली, आणि फुकट खेळांना गोल्ड लागणार नाही हेही पदरात पडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये गेम पास अल्टिमेट, म्हणजे शेकडो खेळ एकत्र देणारी मायक्रोसॉफ्टची महिन्याची वर्गणी, २० वरून ३० डॉलरवर गेला. या वेळी सदस्यत्व रद्द करायचं पानच गर्दीने अडकलं, पण वाढ काही लगेच मागे आली नाही. गोल्डमध्ये तोच फुकट खेळ शेजारच्या कन्सोलवर विनाशुल्क चालत होता, त्यामुळे तुलना समोर होती. शेकडो खेळांच्या गठ्ठ्याची तुलना कशाशी करणार?

वर्गणीतल्या खेळाची डीएलसी विकत घेताना एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. खेळ यादीतून गेला की डीएलसी तुमचीच राहते, पण मूळ खेळ वेगळा घेतल्याशिवाय ती उघडत नाही.

स्टीमवर डीएलसीचे पैसे परत मिळतात, पण अटी घट्ट आहेत: घेतल्यापासून १४ दिवस, आणि त्यानंतर मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळलेला. वापरून संपणारी वस्तू असेल तर विसरा.

[दृश्य: ताडाची झाडं, समुद्राकाठची घरं.]

मार्च २०२४. सिटीज स्कायलाइन्स २ या शहर उभारायच्या खेळाला समुद्रकाठच्या घरांचा दहा डॉलरचा पॅक आला. मूळ खेळ अजून अडखळत होता, आणि पॅकमध्ये घरं होती, झाडं होती, पुळण नव्हती. शंभरात पाच रिव्ह्यूसुद्धा धड चांगले नव्हते. महिनाभरात पॅक सगळ्यांना मोफत झाला, पुढचा सशुल्क पॅक २०२५ वर ढकलला गेला, आणि ज्यांनी सुटा पॅक घेतला होता त्यांना पैसे परत मिळाले. सगळे पॅक एकगठ्ठा, खेळासोबतच आगाऊ घेतलेल्यांना ते मिळाले नाहीत. त्यांच्या वाट्याला बदली म्हणून आणखी काही पॅक आणि रेडिओ केंद्रं आली.