डोकं आधी की पाय आधी?

नमस्कार श्रोतेहो. आज बेब डिड्रिक्सन. टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरची, जन्म १९११ चा, नॉर्वेहून अमेरिकेत आलेल्या आईवडिलांची लेक. मैदानी स्पर्धा आणि गोल्फ, दोन्हींत अव्वल. दोन्हींत, बरं का.

जुलै १९३२. इव्हन्स्टनला अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा. डॅलसच्या एका विमा कंपनीचा संघ उतरला आणि संघात खेळाडू एकच, बेब! आठ प्रकारांत भाग घेतला, पाच जिंकले, उंच उडीत बरोबरी. गुण ३०. दुसऱ्या आलेल्या संघात २२ जणी, त्यांचे गुण २२. पुन्हा सांगतो: एकटीचे तीस, बावीस जणींचे बावीस.

दोनच आठवड्यांनी लॉस एंजेलिस ऑलिंपिक. तिथे बाईला तीनच वैयक्तिक प्रकारांची परवानगी. भालाफेक ४३.६८ मीटर, सुवर्ण. ८० मीटर अडथळे ११.७ सेकंदांत, पुन्हा सुवर्ण, वर विश्वविक्रम. राहिली उंच उडी.

आता नीट ऐका. समोर तिच्याच संघातली जीन शायली. शायलीची कात्री उडी: आतला पाय आधी वर, मग दुसरा, धड जवळजवळ ताठ. पडायला तेव्हा फोमची गादी नव्हती, म्हणून पायांवर उतरणं सुखरूप. पण धड ताठ म्हणजे कंबर फार वर न्यावी लागते, तिथे उंची वाया जाते. बेबची वेस्टर्न रोल: दांड्यावर अंग आडवं करून कुशीवर लोळायचं. उंची वाचते, पण डोकं जरा जरी पुढे गेलं की घोटाळा. कारण नियम असा, की दांड्यावरून पाय आधी, डोकं नंतर. पाय आधी!

दोघी १.६५ मीटरवर अडल्या. तोही विश्वविक्रमच. निकालासाठी जादा उडी लावली. शायली गेली. बेबही गेली. आणि आता पंच म्हणाले, डोकं आधी गेलं, उडी बाद! बेबचं म्हणणं, दुपारभर अशीच उडी मारतेय, तेव्हा कुणी का नाही बोललं? ऐकलं नाही कुणी. शायलीला सुवर्ण, बेबला रौप्य. पुढे तो नियमच गेला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गाजलेल्या, अमेरिकन खेळाडू डिक फॉस्बरीच्या उडीत तर डोकंच आधी जातं.

जाता जाता एक. आपल्याकडे मूल पाचवीत गेलं की ‘एकच खेळ धर’ म्हणून मागे लागतात. मला ते पटत नाही. असो.

गोल्फ राहिलंच की! १९३५ मध्ये अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तिला व्यावसायिक ठरवलं, हौशी स्पर्धा बंद. हौशी दर्जा १९४३ मध्ये परत मिळाला. १९४७ ला स्कॉटलंडात गलनला ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली, अमेरिकन म्हणून पहिलीच. १९५० मध्ये एलपीजीए ही महिला गोल्फपटूंची संघटना उभी करणाऱ्यांत ती होती. १९५३ मध्ये आतड्याचा कॅन्सर, शस्त्रक्रिया, पोटाला पिशवी. दुसऱ्या वर्षी महिलांची यूएस ओपन, ७२ होल, म्हणजे चेंडू ७२ वेळा खड्ड्यात घालायचा. गोल्फमध्ये कमी फटके तो वरचढ, आणि तिथे एका फटक्यानेही निकाल लागतो. बेब जिंकली १२ फटक्यांनी. बारा! आणखी दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी तो आजार उलटला आणि ती गेली. नमस्कार.